क्लोंडाइकच्या जुन्या नकाशांमागे

कॅनडाच्या वायव्य टोकाला, युकॉन नदीच्या खोऱ्यातल्या क्लोंडाइक मुलखात, 16 ऑगस्ट 1896 रोजी रॅबिट क्रीक नावाच्या ओढ्यात सोनं सापडलं. लगेच ओढ्याचं नाव बदलून बोनान्झा झालं आणि पुढच्या दोन वर्षांत तिथे माणसांची रीघ लागली. या मुलखाच्या जुन्या टोपोशीटांची, म्हणजे डोंगर-नद्यांचे चढउतार दाखवणाऱ्या नकाशांची, गोष्ट बहुधा इथूनच सांगितली जाते. मला ती 1869 पासून सांगावीशी वाटते.

त्या ऑगस्टमध्ये खग्रास सूर्यग्रहणाच्या निरीक्षणासाठी अमेरिकेच्या किनारा सर्वेक्षण खात्याचे जॉर्ज डेव्हिडसन अलास्कातल्या चिलकट खोऱ्यात गेले होते. तिथल्या त्लिंगिट या मूळनिवासी लोकांचे प्रमुख कोहक्लक्स यांनी आपल्या दोन बायकांसह बसून, दोन-तीन दिवस खपून, एका सागरी नकाशाच्या पाठकोऱ्या बाजूवर किनाऱ्यापासून थेट युकॉनपर्यंतची वाट काढून दिली. खिंडी, तळी, नद्या, आणि दिवसभराची चाल जिथे संपते तिथे खूण. समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या समोच्च रेषा नाहीत, पण पायी जाणाऱ्याला लागतं ते सगळं आहे. त्या अंतर्भागाचा एवढा तपशील तोवर गोऱ्या सर्वेक्षकांपैकी कुणाकडेच नव्हता.

पुढे प्रश्न आला अलास्का आणि कॅनडा यांच्यामधल्या सरहद्दीचा. रशिया आणि ब्रिटन यांनी 1825 च्या तहात त्यासाठी 141 वं रेखावृत्त ठरवलं होतं, पण जमिनीवर ते नेमकं कुठून जातं हे पक्कं झालेलं नव्हतं. 1886 मध्ये फोर्टीमाइल नदीवर सोनं मिळाल्यावर ते पाहणं भाग पडलं. कॅनडाचे सर्वेक्षक विल्यम ओगिल्वी यांनी 1887-88 च्या हिवाळ्यात युकॉनकाठी मुक्काम ठोकून खगोलीय वेधांवरून ती रेषा ठरवली.

याच ओगिल्वींनी 1897 मध्ये बोनान्झावरचे क्लेम, म्हणजे सोनं काढण्याच्या हक्काचे जमिनीचे तुकडे, नव्याने मोजले. ओढ्याच्या लांबीत एका क्लेमला 500 फूट मिळत. आधीची मापं अंदाजपंचे टाकलेली, म्हणून दोन क्लेमांच्या मधे कुठे कुठे जास्तीची पट्टी उरे. अशी एक पाचरीसारखी पट्टी, शंभर फुटांहूनही अरुंद, ओगिल्वींच्या हाताखालच्या डिक लो यांनी काहीशा नाखुशीनेच घेतली. तिच्यातून लाखो डॉलरचं सोनं निघालं. साखळीने केलेल्या मोजणीचं मोल इतकं रोख क्वचितच कुणाला मिळालं असेल.

सरहद्दीपलीकडे, अलास्कात, 1898 च्या उन्हाळ्यात अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाने तुकड्या पाठवल्या. त्यांतल्या बर्नार्ड यांनी फोर्टीमाइलचं शीट केलं. पद्धत प्लेन टेबलची: डोंगरमाथ्यावर तिवईवर फळा मांडायचा, दिसेल त्या शिखराकडे कागदावर रेघ ओढायची, मग दुसऱ्या माथ्यावरून पुन्हा तेच. दोन रेघा छेदतात तिथे ते शिखर. प्रमाण 1:2,50,000, म्हणजे 500 फुटांचा अख्खा क्लेम कागदावर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. ही शीटं वाट दाखवणारी होती. हक्काच्या हद्दी दाखवणं त्यांचं काम नव्हतं.

जुन्या शीटांचं महत्त्व मला वाटतं ते पुढे जे झालं त्यामुळे. विसाव्या शतकात गाळ उपसून सोनं वेगळं करणाऱ्या प्रचंड ड्रेजर यंत्रांनी बोनान्झाचा तळ उपसून काढला. ‘ड्रेज क्रमांक 4’ हे एकच यंत्र 1959 पर्यंत चालू होतं. आज तिथे गोट्यांचे नागमोडी ढीग आहेत. मूळ ओढ्याचं वळण पाहायचं तर ड्रेजर येण्याआधीचा नकाशाच उघडावा लागतो.

नावांचंही तसंच. ‘क्लोंडाइक’ हा ‘त्रॉन्डेक’ या, तिथल्या मूळनिवासी हान लोकांच्या भाषेतल्या शब्दाचा परक्या कानांनी ऐकलेला उच्चार. सामन मासे अडवायला पाण्यात खांब ठोकत, त्या दगडी हातोड्यांवरून नदीला हे नाव पडलं. नदीच्या मुखाशी हान लोकांचा मासेमारीचा तळ होता. गर्दी वाढली तेव्हा प्रमुख आयझॅक आपल्या लोकांना घेऊन युकॉनच्या प्रवाहाने थोडं खाली, मूसहाइडला गेले.