पश्चसुसंगतता व मंच-नूतनीकरण

डेस्कटॉप संगणकाच्या परिचालन प्रणालीत जुन्या आवृत्तीसाठी लिहिलेले प्रोग्रॅम नव्या आवृत्तीतही फेरफार न करता चालणे, या गुणधर्मास पश्चसुसंगतता म्हणतात. व्यवहारात ‘बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी’ हाच शब्द रूढ आहे. जुने सांधे (प्रोग्रॅम व प्रणाली ज्यांनी जोडली जातात ते ठरलेले दुवे) मोडून प्रणालीची नव्याने उभारणी करणे म्हणजे मंच-नूतनीकरण.

या कल्पनेचा उगम बहुधा आयबीएमने एप्रिल १९६४ मध्ये जाहीर केलेल्या सिस्टिम/३६० या संगणकमालेत दाखविला जातो. तथापि त्या मालेचा आज्ञासंच (यंत्राला समजणाऱ्या मूलभूत आज्ञांचा समूह) कंपनीच्याच १४०१ या यंत्राशी जुळणारा नव्हता; काही प्रतिमानांवर (मॉडेलांवर) सूक्ष्म-आज्ञावलीद्वारे, म्हणजे प्रक्रियकाच्या आतील आज्ञांद्वारे, १४०१ चे अनुकरण करून जुने प्रोग्रॅम चालविले जात. त्यामुळे मालेतील लहानमोठ्या यंत्रांची आपापसांतील सुसंगतता हा तेथील मुख्य हेतू होता व पश्चसुसंगतता ही त्याला दिलेली जोड होती, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

विंडोजमध्ये ‘सीओएन’ (कन्सोल), ‘पीआरएन’ (प्रिंटर) ही उपकरणांची इंग्रजी त्र्यक्षरी नावे फाइलींसाठी अद्याप राखीव गणली जातात. ती सीपी/एम या डॉसपूर्व परिचालन प्रणालीकडून आली असे सामान्यतः मानतात; पण तेथे उपकरणाच्या नावापुढे अपूर्णविराम असे, आणि डॉसने (विंडोजपूर्वीच्या मायक्रोसॉफ्टच्या परिचालन प्रणालीने) तो ऐच्छिक केल्यावरच फाइल व उपकरण यांच्या नावांची खरी सरमिसळ झाली. डॉसच्या १९८१ मधील पहिल्या आवृत्तीत डिरेक्टरी (फाइली ठेवण्याचे कप्पे) नव्हत्या. १९८३ च्या सुमारास त्या आल्या, तेव्हा जुने प्रोग्रॅम अडू नयेत म्हणून ही नावे प्रत्येक डिरेक्टरीत उपस्थित असल्याचे धरले गेले. अशीच तडजोड आवृत्तीक्रमांकाबाबतही झाली. ‘३.१० किंवा पुढची’ आवृत्ती तपासताना अनेक प्रोग्रॅम दशांशापुढचा आकडा स्वतंत्रपणे पाहत, त्यामुळे विंडोज ९५ चा खरा क्रमांक ४.० त्यांना अपुरा ठरला असता, कारण त्यातील ० हा १० पेक्षा लहान. म्हणून विंडोज ९५ आपली आवृत्ती १६-बिट (जुन्या, एका वेळी १६ बिट हाताळणाऱ्या) प्रोग्रॅमना ३.९५ अशी सांगे. म्हणजे जपावी लागते ती केवळ लेखी वचने नव्हेत, प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या चुकाही. ६४-बिट विंडोजमध्ये मात्र १६-बिट प्रोग्रॅमचा आधार काढून टाकण्यात आला.

ॲपलने मुदतबंद पुलांचा, म्हणजे जुने प्रोग्रॅम ठरावीक काळापुरते चालू देण्याचा, मार्ग धरला. इंटेल प्रक्रियकांवर त्याआधीच्या पॉवरपीसी प्रक्रियकांसाठीचे प्रोग्रॅम चालविणारा ‘रोझेटा’ हा अनुवादक २००६ मध्ये आला व २०११ च्या आवृत्तीत वगळला गेला; २०१९ मध्ये ३२-बिट प्रोग्रॅमही बंद झाले.

लिनक्समध्ये सीमारेषा वेगळ्या ठिकाणी आहे. कर्नेलमधील (प्रणालीच्या गाभ्यातील) बदलाने वापरकर्त्याचे प्रोग्रॅम मोडू नयेत, हा तेथे कटाक्षाने पाळला जाणारा दंडक असला, तरी कर्नेलच्या अंतर्गत सांध्यांना असे अभय नाही, आणि म्हणून मूळ कर्नेलबाहेर ठेवलेले ड्रायव्हर (उपकरणे चालविणारे प्रोग्रॅम) त्यांच्या निर्मात्यांना वारंवार सुधारावे लागतात.