पित्ताच्या गोळीमागचा पंप

औषधाच्या दुकानात ‘पित्ताची गोळी द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा नावाच्या शेवटी ‘प्राझोल’ असलेली गोळी हातात पडते. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल, राबेप्राझोल. माझे वडील अशीच एक गोळी कित्येक वर्षं दुपारच्या जेवणानंतर, रक्तदाबाच्या गोळीबरोबर घेत होते. तरी आंबट ढेकर आणि छातीतली जळजळ पुरती थांबत नव्हती. गोळी चुकीच्या वेळी पोटात जात होती. ते का, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, हे इंग्रज डॉक्टर विल्यम प्राउट यांनी १८२३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं. त्याआधीच्याच वर्षी अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुण हमालाच्या पोटात बंदुकीचा बार घुसला. तो वाचला, पण जठराला पडलेलं भोक कधी बुजलं नाही. लष्करी डॉक्टर विल्यम ब्यूमाँट रेशमी दोऱ्याला मांसाचे, भाजीचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडत आणि तासातासाने ओढून पाहत. १८३३ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि पचनशास्त्राचा पाया घातला गेला. त्याची किंमत सेंट मार्टिनने मोजली, हे विसरू नये. तो त्याच डॉक्टरांच्या घरी लाकडं फोडण्याचंही काम करत होता.

आम्ल आहे हे कळलं, पण ते तयार कसं होतं? रक्ताच्या तुलनेत दहा लाख पटींहून अधिक तीव्र आम्ल पेशी बाहेर टाकते आणि स्वतः जळत नाही, हे कोडंच होतं. तोवर अल्सरच्या रुग्णाच्या वाट्याला दूध, सोडा आणि शेवटी शस्त्रक्रिया येई. जठराचा भाग कापून टाकायचा, नाहीतर आम्लाचा हुकूम देणारी व्हेगस नस तोडायची. १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये सिमेटिडिन हे औषध आलं आणि हिस्टामिन या शरीरातल्या रसायनाचा निरोप अडवून आम्ल कमी करता येऊ लागलं. पण आम्लाला हुकूम देणारे मार्ग अनेक. एक अडवला तरी दुसरे चालूच.

खरं उत्तर बेडकाच्या जठरातून आलं. १९७३ मध्ये गॅन्सर आणि फोर्ट या संशोधकांना त्यात पोटॅशियममुळे चेतणारं एक एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, सापडलं. १९७६ मध्ये जॉर्ज सॅक्स यांच्या गटाने डुकराच्या जठरातल्या पेशींच्या आवरणापासून बनलेल्या सूक्ष्म पिशव्यांवर दाखवून दिलं की आम्ल बाहेर टाकणारा पंप हाच आहे: एटीपी या पेशीतल्या इंधनाची ऊर्जा खर्च करून एक पोटॅशियम आत घ्यायचा आणि एक प्रोटॉन, म्हणजे ज्याने आम्ल आम्ल होतं तो हायड्रोजनचा कण, बाहेर ढकलायचा. हुकूम कुठूनही येवो, आम्ल शेवटी याच दारातून बाहेर पडतं.

स्वीडनमधल्या हेस्ले या कंपनीतले संशोधक तेव्हा आम्ल थांबवणारी रसायनं शोधत होते. एका रसायनाने प्राण्यांची थायरॉइड वाढली म्हणून ते मागे पडलं. १९७९ मध्ये ओमेप्राझोल बनलं. १९८४ मध्ये उंदरांच्या जठरात गाठी दिसल्या आणि माणसांवरच्या चाचण्या थांबल्या. आम्ल फार दाबल्याने गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढतं आणि त्यातून त्या गाठी होतात, हे उलगडल्यावरच काम पुढे सरकलं. १९८८ मध्ये औषध बाजारात आलं. त्याच वर्षी सिमेटिडिनमागच्या संशोधनासाठी जेम्स ब्लॅक यांना नोबेल मिळालं.

या औषधाची युक्ती मला फार सुंदर वाटते. गोळीतलं द्रव्य मुळात निष्क्रिय असतं. आतड्यातून रक्तात, रक्तातून जठराच्या पेशीपर्यंत ते पोहोचतं आणि जिथे पंप आम्ल ओततोय नेमक्या त्या कोपऱ्यात साचतं. त्या आम्लानेच त्याचं रूप पालटतं आणि ते पंपाला कायमचं चिकटतं. पेशी नवा पंप बनवेपर्यंत तो पंप बंद. म्हणून औषध रक्तातून दोन-चार तासांत ओसरलं तरी परिणाम दिवसभर टिकतो. पण उपाशीपोटी बहुतेक पंप पेशीत आत निजलेले असतात, जेवणाने जागे होतात. ते जागे होतील तेव्हा औषध रक्तात हवं, म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची. गोळीवर लेप असतो तो यासाठी: जठरातच विरघळली तर आम्ल तिला आधीच मोडून टाकतं. म्हणून ती चावायची किंवा कुटायची नाही.

शरीरात असे पंप आणखीही आहेत. हाडं झिजवणाऱ्या पेशी दुसऱ्या जातीच्या प्रोटॉन पंपाने आम्ल सोडून जुनं हाड विरघळवतात. तो जन्मतः बिघडला तर हाडं दगडासारखी घट्ट आणि ठिसूळ होतात. मूत्रपिंडातला तसाच पंप बिघडला तर रक्तात आम्ल साचतं, आणि काही मुलांना त्यासोबत बहिरेपणाही येतो.

गोळी वर्षानुवर्षं चालू राहते तेव्हा मात्र काळजी वाटते. ‘बी-१२’ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१० मध्ये हाडं मोडण्याबाबत आणि २०११ मध्ये मॅग्नेशियमबाबत इशारे दिले. डेन्मार्कमधला २००९ चा एक प्रयोग मला सगळ्यांना सांगावासा वाटतो. ज्यांना पित्ताचा त्रासच नव्हता अशा निरोगी लोकांना आठ आठवडे ही गोळी दिली आणि मग बंद केली. त्यातल्या ४४ टक्क्यांना जळजळ, आंबट पाणी असा त्रास झाला. नुसती खोटी गोळी घेतलेल्यांत तो १५ टक्क्यांना होता. दाबलेलं आम्ल उसळून येतं, आणि माणसाला वाटतं, गोळीवाचून आपलं चालत नाही. रक्तस्राव झालेला अल्सर असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर मात्र ही गोळी आपल्या मनाने मुळीच सोडू नये.

वडिलांना डॉक्टरांनी आधी वेळ बदलून दिली, सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी. जळजळ थांबल्यावर महिनाभराने दिवसाआड केली. आता पट्टी डब्यातच असते, लागली तर.