लोरायडर गाड्या इतक्या खाली का, आणि मग वर का उडतात

कॅलिफोर्नियात सॅन होजेला नवीन आलो तेव्हाची गोष्ट, एका रविवारी सिग्नलला शेजारी एक जुनी शेव्हरोले येऊन थांबली, लांबलचक, जांभळी, ऊन पडलं की आतून लालसर दिसणारी, आणि सिग्नल सुटायच्या आत तिचं पुढचं एक चाक चक्क हवेत गेलं. मला वाटलं गाडीचं काहीतरी मोडलं. चालवणारे सत्तरीचे आजोबा, मागच्या सीटवर दोन नातवंडं, आणि आजोबा समोर बघतायत, जसं काही झालंच नाही. इथल्या आपल्या मराठी मंडळींना विचारलं तर एकच उत्तर, अरे त्या लोरायडर, म्हणजे मुद्दाम खाली बसवलेल्या गाड्या, गँगवाल्यांच्या, रॅपच्या व्हिडिओत असतात त्या. मलाही तेवढंच माहीत होतं. पण आमच्या गल्लीतला एक शेजारी १९६४ ची शेव्हरोलेची इम्पाला कितीतरी वर्षं गॅरेजमध्ये खोलून बसलाय, त्याच्याकडे शनिवारी पाना धरायला जाऊन जाऊन जे कानावर पडलं आणि मग वाचत गेलो ते एकदा नीट लिहून काढतो.

सुरुवात गाडीपासून नाही, कपड्यांपासून होते. १९४० च्या आसपास लॉस एंजेलिसमधली मेक्सिकन घरातली पोरं, ज्यांना पाचुको म्हणायचे, ती ढगळ पँट आणि गुडघ्यापर्यंत लांब कोट घालून फिरायची, त्याला झूट सूट म्हणतात. महायुद्ध चालू, कापडावर रेशनिंग, आणि ही पोरं वारभर कापड जास्तीचं अंगावर घेऊन मिरवतायत म्हणून लोकांचा आधीच राग. जून १९४३ मध्ये सुट्टीवर आलेले नौसैनिक आणि इतर सैनिक टोळ्या करून या पोरांना रस्त्यात, थिएटरात गाठून मारायला लागले, अंगावरचे कपडे फाडायला लागले, आणि पोलिसांनी पकडलं बहुतेक मार खाणाऱ्यांनाच. हे सांगायचं कारण असं की आम्ही असे दिसणार, मुद्दाम दिसणार, आणि सावकाश तुमच्या समोरून जाणार, हा जो लोरायडरचा सगळा माज आहे (चांगल्या अर्थाने म्हणतोय) तो तिथून आलाय.

युद्ध संपलं, पोरं परत आली, हातात थोडे पैसे, काहीजण सैन्यात मेकॅनिकचं काम शिकून आलेले. नवी गाडी कोण घेणार, पण सेकंडहँड शेव्हरोले स्वस्तात मिळायची. त्याच काळात कॅलिफोर्नियातली गोरी पोरं जुन्या फोर्डचं इंजिन फुगवून वाळलेल्या तळ्यांच्या सपाट जमिनीवर रेस लावत होती, ते हॉट रॉड. ईस्ट एलए, म्हणजे पूर्व लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्तीतल्या पोरांनी नेमकं उलट केलं. डिकीत वाळूची पोती टाकली म्हणजे मागून गाडी बसते, झालं. मग कोणी स्प्रिंगचे वेढे कापले, कोणी मागच्या अॅक्सलवर ब्लॉक बसवले. वेगाशी काही देणंघेणं नाही. त्यांचं स्पॅनिशमधलं वाक्यच आहे, बाहीतो ई सुआवेसीतो, म्हणजे खालून आणि हळूहळू. मेक्सिकोत गावाच्या चौकात संध्याकाळी तरुण पोरंपोरी नटूनथटून फेऱ्या मारायची पद्धत होती, पासेओ म्हणतात, तेच इकडे येऊन चार चाकांवर बसलं असं बरेच अभ्यासक मानतात. मला विचाराल तर आपला पोळा जवळचा वाटतो. शिंगं रंगवून, झूल घालून बैल गावातून फिरवतात तेव्हा कोणी त्याला पळवतं का? लोकांनी बघितलं पाहिजे, एवढंच.

आता मजा बघा. गाड्या रस्त्याला टेकायला लागल्या तसं सरकारने कायदा केला. कॅलिफोर्निया वाहन कायद्याचं कलम २४००८, १ जानेवारी १९५८ पासून लागू, चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा गाडीचा कुठलाही भाग खाली असेल तर ती गाडी रस्त्यावर चालणार नाही. पोलिसाला फक्त खाली वाकून बघायचं आणि पावती फाडायची. यावर उपाय काढला रॉन अगिरे नावाच्या तरुणाने, १९५९ साली, स्वतःच्या कॉर्व्हेट गाडीवर, वडिलांना हाताशी घेऊन. विमानाची चाकं आत घ्यायला, पंखांचे फ्लॅप हलवायला हायड्रॉलिक लागतं, आणि युद्धानंतर कॅलिफोर्नियात विमानांच्या सुट्या भागांचं भंगार ढिगाने पडलेलं, त्यातले पंप आणि सिलिंडर आणून त्याने गाडीला लावले. पोलीस दिसला की बटण दाबायचं, गाडी कायदेशीर उंचीवर. पोलीस गेला, गाडी परत खाली. त्या गाडीचं नाव एक्स-सॉनिक. म्हणजे आज जी उड्या मारणारी गाडी बघून आपण तोंडात बोट घालतो ती मुळात उड्या मारायला झालेलीच नाही, पावती चुकवायला झालीय. गाडी मुद्दाम उडवायची आणि कोणाची जास्त उंच जाते याच्या स्पर्धा लावायच्या हे नंतरचं.

हायड्रॉलिकचं काम ऐकायला अवघड पण तत्त्व सोपं आहे. डिकीत बॅटऱ्या, त्या मालिकेत जोडलेल्या म्हणजे व्होल्टेज वाढतं, त्यावर मोटर, मोटरवर पंप, पंप तेल ढकलतो स्प्रिंगपाशी बसवलेल्या सिलिंडरमध्ये, सिलिंडर लांब होतो, गाडी वर. खाली आणायचं तर डंप व्हॉल्व्ह उघडतो, तेल परत टाकीत, गाडी स्वतःच्या वजनाने बसते. प्रत्येक कोपऱ्याला वेगळं स्विच दिलं की गाडी तीन चाकांवर उभी राहते, माझ्या शेजारी सिग्नलला झालं ते हेच. आमच्या गल्लीतल्या गाडीच्या डिकीचा पत्रा चाळणी झालाय तो पावसाने नाही, आधीच्या मालकाच्या बॅटऱ्यांचं अॅसिड वर्षानुवर्षं सांडून झालाय, आणि तो बदलायलाच त्याचे कितीतरी शनिवार गेले.

बरं, इतक्या गाड्या असताना लोरायडरवाल्यांची लाडकी इम्पालाच का. दिसायला देखणी, लांब, सपाट, रंगकामाला भरपूर जागा, आणि पुढे सेकंडहँड बाजारात मुबलक, हे झालंच. पण खरं कारण खाली आहे. १९५८ ते १९६४ च्या मोठ्या शेव्हरोलेला एक्स आकाराची चासी होती, बाजूने दांडे नाहीत, मधोमध एकत्र येऊन परत पसरणारी, त्यामुळे गाडी आधीच बुटकी. आणि चारही चाकांना कॉइल स्प्रिंग, आधीच्या मॉडेलला मागे पाटे असायचे. कॉइल स्प्रिंग म्हणजे सिलिंडर बसवायला आयती जागा. १९६५ ला चासी बदलली, म्हणून सिक्स-फोर, म्हणजे १९६४ ची, ही त्या घराण्यातली शेवटची, आणि तिचा भाव अजून उतरत नाही. त्याच्याही आधीच्या, तीस-चाळीसच्या दशकातल्या गोलमटोल गाड्यांना हे लोक बॉम्ब म्हणतात. त्या काळातल्या शेव्हरोले आपल्या शिवडीलाही जोडल्या जायच्या बरं का, शेव्हरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला कारखाना टाकला होता, भारतातला गाड्या जोडायचा पहिलाच, १९५४ पर्यंत चालला. म्हणजे ईस्ट एलएतला बॉम्ब आणि एखाद्या संस्थानिकाच्या वाड्यातली धूळ खात पडलेली शेव्हरोले या सख्ख्या बहिणी निघायच्या.

रंगाबद्दल मी तासभर बोलू शकतो पण थोडक्यात सांगतो. कँडी पेंट म्हणजे आधी चंदेरी किंवा सोनेरी बेस, त्यावर पारदर्शक रंगाचे पातळ हात एकावर एक, वरून क्लिअर. उजेड आत शिरून चंदेरीवरून उलटा येतो म्हणून रंग खोल दिसतो, काचेच्या बरणीतल्या सरबतासारखा. प्रत्येक हाताने रंग गडद होत जातो, त्यामुळे एका दरवाजावर एक हात जास्त पडला की तो दरवाजा वेगळा दिसणार. आणि ओरखडा आला तर आपल्याकडे करतात तसं लांबी भरून तेवढ्यापुरता स्प्रे मारून चालत नाही, सगळा पत्रा परत करावा लागतो. म्हणून ही माणसं पार्किंगमध्ये गाडीपासून दहा फुटांवर जाऊन जेवतात पण नजर हलत नाही.

रंगकामातली सगळ्यात नावाजलेली गाडी म्हणजे जिप्सी रोझ. ईस्ट एलएच्या इम्पीरियल्स या गाडीवाल्यांच्या क्लबचे हेसुस, म्हणजे सगळ्यांचे जेसी, वालाडेझ यांची १९६४ ची इम्पाला, गुलाबी, अंगभर हाताने काढलेले शंभरावर गुलाब, आत गुलाबी मखमल आणि झुंबर. गुलाब काढले वॉल्ट प्रे यांनी. याआधी वालाडेझ यांची १९६३ ची इम्पाला होती, तीही गुलाबांची, ती लोकांनी दगडविटा मारून फोडली, मग हा माणूस गप्प बसला नाही, आणखी भारी दुसरी केली. सत्तरच्या दशकात 'चिको अँड द मॅन' या टीव्ही मालिकेच्या सुरुवातीला ही गाडी दिसायची आणि घराघरात पोचली. वालाडेझ २०११ मध्ये गेले. २०१७ मध्ये ही गाडी वॉशिंग्टनला संसदेसमोरच्या नॅशनल मॉल या मैदानावर काचेच्या पेटीत ठेवली होती आणि राष्ट्रीय ऐतिहासिक वाहनांच्या नोंदीत गेली. विटा खाल्लेल्या गाडीची धाकटी बहीण संसदेसमोर, माझ्या शेजाऱ्याला हे सांगताना अजून गहिवरून येतं.

ही गाडी जिथे फिरायची तो व्हिटियर बुलेव्हार्ड, ईस्ट एलएचा मुख्य रस्ता, त्याचं नाव या सगळ्यात पदोपदी येतं. शनिवार-रविवारी रात्री गाड्यांची रांग, खिडक्या खाली, जुनी संथ गाणी. याच रस्त्यावर २९ ऑगस्ट १९७० ला व्हिएतनाम युद्धाविरुद्धचा चिकानो, म्हणजे अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या, लोकांचा प्रचंड मोर्चा आला होता, तो पोलिसांनी मोडला, आणि सिल्व्हर डॉलर नावाच्या बारमध्ये बसलेले पत्रकार रुबेन सालाझार शेरीफच्या (म्हणजे तिथल्या काउंटी पोलिसांच्या प्रमुखाच्या) माणसाने झाडलेल्या अश्रुधुराच्या नळकांड्याने जागीच गेले. त्यानंतर त्या रस्त्यावरून गाडी घेऊन हळू जाणं म्हणजे नुसती मौज राहिली नाही. १९७९ मध्ये शेरीफने तिथलं क्रूझिंगच, म्हणजे गाडीने सावकाश फेऱ्या मारणंच, बंद पाडलं. पुढे एकेक शहर पाट्या लावत गेलं, ठराविक वेळेत त्याच ठिकाणाहून पुन्हा पुन्हा गाडी नेलीत तर दंड. भांडणं, मारामाऱ्या, ट्रॅफिक ही कारणं दिली जायची आणि ती सगळीच खोटी होती असं मी म्हणणार नाही, पण दंड कोणाला व्हायचा हे इथली जुनी माणसं डोळे मिटून सांगतात.

सॅन होजेचा यातला वाटा मोठाय आणि आपल्या इथल्या मराठी लोकांना त्याचा पत्ताच नाही. १९७७ मध्ये 'लोरायडर' मासिक इथेच निघालं, कॉलेजातल्या तीन तरुणांनी काढलं. लांबच्या गावातली पोरं त्यातले फोटो बघून गाड्या करायला लागली, पुढे जपानमध्येही ही लाट गेली, तिथले लोक इथून इम्पाला कंटेनरमध्ये घालून नेतात. छापील अंक २०१९ च्या शेवटी बंद झाला. इथला स्टोरी आणि किंग रोडचा चौक म्हणजे उत्तर कॅलिफोर्नियाचा व्हिटियर समजा, मी तिथून वर्षभर भाजी आणायला जात होतो, कळलंच नव्हतं.

आणि घरची पोरं यात आपोआप ओढली जातात. गाडी चालवायचं वय नाही म्हणून सायकल. श्विन या सायकल कंपनीने १९६३ ला स्टिंग-रे काढली, केळ्यासारखी लांब सीट आणि उंच हँडल, तीच पोरांनी घेऊन क्रोम केली, मखमल लावली, खाली आणली. शेजाऱ्याचं म्हणणं असं की तो सहा वर्षांचा असताना त्याचं काम एकच होतं, वडील गाडीखाली झोपलेले असताना टॉर्च धरणं, आणि टॉर्च हलला की शिव्या. आज त्याची मुलगी टॉर्च धरते, फक्त शिव्या आता उलट दिशेने पडतात. न्यू मेक्सिकोत चिमायोला डेव्हिड हारामिलो नावाचा माणूस १९६९ ची फोर्ड एलटीडी सजवत होता, १९७८ मध्ये अपघातात गेला, काम अर्धवट. बायकोने आणि नातेवाइकांनी ती गाडी पुरी केली. डेव्हज ड्रीम नाव, १९९० पासून स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

कायद्याचं चाक फिरायला मात्र फार वेळ लागला. सॅन होजेने क्रूझिंगची बंदी २०२२ मध्ये काढली, सॅन डिएगोजवळच्या नॅशनल सिटीने १९९२ ची बंदी २०२३ मध्ये, आणि मग राज्याने एबी ४३६ नावाचा कायदा करून १ जानेवारी २०२४ पासून शहरांचा क्रूझिंग बंद करायचा अधिकारही काढला आणि गाडी खाली आणण्यावरचं ते १९५८ पासूनचं बंधनही. सहासष्ट वर्षं! बायदवे आपल्याकडे हे करायला जाऊ नका, कंपनीने दिलेल्या गाडीत असे बदल आपल्या मोटार वाहन कायद्यात बसत नाहीत, आरटीओवाला पासिंगला उभं करणार नाही.

आता गल्लीतल्या गाडीचं. मागच्या महिन्यात आम्ही वरचा पांढरा रंग पॉलिश पेपरने घासत होतो, कोणीतरी नव्वदच्या दशकात घाईत मारलेला, आणि दरवाजाच्या वरच्या कडेला खालून एक हिरवा तुकडा दिसायला लागला, कँडी, त्यावर केसाएवढी बारीक सोनेरी रेघ. हाताने ओढलेली. कोणाची, कधीची, काही कळायला मार्ग नाही. आता प्रश्न असा पडलाय की गाडी रिस्टोअर करायची म्हणजे कुठपर्यंत मागे न्यायची. कंपनीतून आली तशी करायची तर ही रेघ जाणार, चौदा इंची चाकं परत लावायला लागणार, आणि मग ती लोरायडर राहत नाही, नुसती जुनी शेव्हरोले होते. रेघ ठेवायची तर उरलेल्या सगळ्या गाडीला तो हिरवा कुठून आणायचा. मुलगी म्हणते ठेवा, शेजारी म्हणतो बघू. दरवाजा काढून भिंतीला टेकवलाय, वर जुनी चादर टाकलीय, आणि सध्या आम्ही डिकीच्या पत्र्याचं वेल्डिंग करतोय.