फिनिश भाषेतील खाद्यवाचक नामबंध

फिनिश भाषेत खाण्यापिण्याच्या वस्तूचे नाम आणि त्याआधी येणारे विशेषण मिळून होणारा पदसमूह. ‘ताजा पाव’, ‘थंड दूध’, ‘लाल सफरचंद’ असे हे साधे बंध असतात व भाषा शिकणाऱ्यास ते आरंभीच भेटतात. मात्र विशेषण-नामाची संगती आणि अंशवाचक विभक्ती ही फिनिश व्याकरणाची दोन अवघड अंगे याच बंधांत एकत्र येतात. शिवाय दुसऱ्या अंगाचा इतिहास खाण्यापिण्याच्या क्रियापदांशी निगडित असावा, असे मानण्यास आधार आहे. (या नोंदीत फिनिश शब्द देवनागरीत दिले आहेत. ‘ॅ’ हे चिन्ह ‘बॅट’मधील स्वरासारखे वाचावे, ‘ऽ’ हे आधीच्या स्वराचे दीर्घत्व दाखवते.)

फिनिशमध्ये लिंगभेद नाही आणि उपपदेही (इंग्रजी a, the यांसारखे शब्द) नाहीत. परंपरेने १५ विभक्ती मानतात. विशेषण नामाच्या आधी येते आणि वचन व विभक्ती या दोन्ही बाबतींत नामाला अनुसरते. ‘तुओरे लेइपॅ’ म्हणजे ताजा पाव. ‘ताज्या पावात’ म्हणायचे तर ‘तुओरेऽस्सा लेइवॅस्सॅ’. मराठी विकारी विशेषण सामान्यरूपावर थांबते (ताजा–ताज्या) आणि प्रत्यय एकट्या नामाला लागतो. फिनिशमध्ये तो दोघांनाही लागतो, जणू मराठीत ‘ताज्यात पावात’ म्हणावे. प्रत्ययातील स्वर मात्र ज्या त्या शब्दाच्या स्वरसंवादाप्रमाणे, म्हणजे त्या शब्दातील स्वरांशी मेळ राखून, ठरतो. ‘चांगल्या जेवणात’ याला ‘ह्युवॅस्सॅ रुओआस्सा’ म्हणतात; येथे प्रत्यय एकच असूनही त्याची रूपे दोन दिसतात. लेइपॅ–लेइवॅस्सॅ यांत ‘प’चा ‘व’ होतो, त्यास व्यंजनश्रेणीकरण म्हणतात. मराठी वाचकाला पाणी–पाण्यात, दूध–दुधात अशा अंगबदलांची सवय असल्याने तो फारसा अडत नाही.

ही संगती कोठून आली, यावर मतभेद आहेत. फिनिश व हंगेरियन ज्यात मोडतात त्या उरालिक कुळाच्या मूळ भाषेत विशेषण निर्विकार असावे, असे सामान्यतः मानले जाते. हंगेरियनमध्ये आजही ते तसेच राहते : ‘फ्रिश केन्येरबेन’ (ताज्या पावात) यात प्रत्यय फक्त नामाला आहे. संगती हे बाल्टिक-फिनिक शाखेचे (फिनिश, एस्टोनियन इ.) वैशिष्ट्य असून बाल्टिक (लिथुएनियन इ.) व जर्मानिक भाषांच्या दीर्घ संपर्कातून ते आले, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार ते अंतर्गत विकासाचे फळ आहे : आधी समानाधिकरण, म्हणजे एकाच वस्तूविषयीची, पदे जोडून येत (‘पावात, ताज्यात’) व पुढे ती एका बंधात बांधली गेली. ही मते परस्परांना छेद देत नाहीत. समानाधिकरण रचना घरची आणि तिला नियमाचे रूप येण्यास शेजारच्या भाषांचे वळण कारण, हा मध्यम पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. एस्टोनियन या भगिनीभाषेत शेवटच्या चार विभक्तींत संगती अपुरी आहे. ‘मागुसा लेइवागा’ (गोड पावासह) यात विशेषण षष्ठीच्या रूपावर थांबते व सहवाचक प्रत्यय नामालाच लागतो. ही रचना मराठी सामान्यरूपाच्या बरीच जवळ जाते. सहवाचक प्रत्यय उशिरा घडल्यामुळे संगती त्याच्यापर्यंत पोहोचली नसावी.

अंशवाचक विभक्तीला फिनिश व्याकरणात ‘पार्तितीवि’ म्हणतात. मोजता न येणाऱ्या पदार्थाचा अनिश्चित भाग तिने दाखवला जातो. ‘ओस्तिन तुओरेऽन लेइवॅन’ म्हणजे मी एक अख्खा ताजा पाव विकत घेतला. ‘ओस्तिन तुओरेत्ता लेइपॅऽ’ म्हणजे ताजा पाव घेतला, किती ते सांगितलेले नाही. ‘योइन माइदोन’ म्हणजे दूध पिऊन संपवले. ‘योइन माइतोआ’ म्हणजे दूध प्यायलो, किंवा पीत होतो. क्रिया पुरी झाली की नाही, हे मराठीत क्रियापद सांगते. फिनिशमध्ये ते काम बरेचसे कर्माची विभक्ती करते. विधानपूरक, म्हणजे ‘आहे’बरोबर येणारे, विशेषणही याच नियमात येते : ‘माइतो ओन क्युल्मॅऽ’ (दूध थंड आहे) यात विशेषण अंशवाचक, तर ‘ओमेना ओन पुनाइनेन’ (सफरचंद लाल आहे) यात प्रथमेत, कारण सफरचंद मोजता येते. मापाच्या शब्दानंतर (‘लासि क्युल्मॅऽ माइतोआ’, पेलाभर थंड दूध) आणि एकापुढील संख्येनंतरही अंशवाचक रूपच येते, आणि संख्येनंतर ते एकवचनी असते : ‘काक्सि पुनाइस्ता ओमेनाऽ’, दोन लाल सफरचंदे. वजनाने घेताना मात्र अनेकवचन होते : ‘किलो पुनाइसिआ ओमेनोइता’.

या विभक्तीचा मूळ अर्थ अपादानाचा, म्हणजे मराठी ‘–ऊन’चा होता, याविषयी फारसे दुमत नाही. ‘कोतोआ’ (घरून), ‘काउकाऽ’ (दुरून), ‘ताकाऽ’ (मागून) या क्रियाविशेषणांत तो अजून टिकून आहे. ‘त्यातून घेतलेले’ पासून ‘त्यातले थोडे’ हा अर्थ सहज निघतो. मराठीतही ‘त्यातलं थोडं वाढ’ असेच म्हणतात. हे स्थित्यंतर केव्हा झाले, हा वादाचा मुद्दा आहे. लिथुएनियनमधील अंशवाचक षष्ठीशी असलेले साम्य पाहून काही अभ्यासक ते बाल्टिक संपर्काच्या काळातले मानतात. परंतु व्होल्गाकाठच्या मोर्दविन भाषांतही खाणे-पिणे या क्रियापदांचे कर्म पंचमीत येते, आणि तेथपर्यंत बाल्टिक प्रभाव ताणणे कठीण जाते. तेव्हा बीज जुने व ते खाण्यापिण्याच्या क्रियापदांपाशी रुजलेले, इतर क्रियापदांपर्यंत झालेला विस्तार मागाहूनचा, असे म्हणणे सयुक्तिक ठरेल. एस्किल पेत्रेउस याने १६४९ मध्ये लिहिलेले फिनिशचे पहिले व्याकरण लॅटिनच्या साच्यातले होते आणि या विभक्तीला त्या साच्यात जोड नव्हता.

बंध आणि समास यांतला भेद विभक्तीत उघड होतो. ‘पुनाइस्ता वीनिॲ’ म्हणजे लाल रंगाची वाइन. ‘पुनावीनिॲ’ म्हणजे रेड वाइन हा प्रकार (दोन्ही रूपे अंशवाचक). समासात पूर्वपद विकार पावत नाही. ‘हापान्ता माइतोआ’ (आंबलेले दूध) हा बंध, तर ‘हापानकाऽलिआ’ (आंबवलेली कोबी) हा समास. २०१७ मध्ये राष्ट्रीय खाद्य म्हणून निवडलेला ‘रुइसलेइपॅ’ (राय धान्याचा पाव) आणि गुरुवारी खाण्याची प्रथा असलेले ‘हेर्नेकेइत्तो’ (वाटाण्याचे सूप) हे नाम-नाम समास आहेत.

विशेषणांचे अर्थ मराठीशी काही ठिकाणी जुळतात, काही ठिकाणी नाहीत. ‘राऽका’ म्हणजे कच्चा, न पिकलेला व न शिजलेला या दोन्ही अर्थांनी. उलट ‘क्युप्सॅ’ या एका शब्दासाठी मराठीला पिकलेला व शिजलेला असे दोन लागतात. तिखट आणि गरम यांत फिनिश गल्लत करत नाही : तिखट ते ‘तुलिनेन’ (‘तुलि’ म्हणजे अग्नी), गरम ते ‘कूमा’.

खाद्यनामांत ‘काला’ (मासा) व ‘वोइ’ (लोणी) ही उरालिक वारशाची आहेत (हंगेरियन हॉल, वॉय). ‘लेइपॅ’ आणि ‘यूस्तो’ (चीज) जर्मानिकमधून आली. पाव हा शब्द मराठीनेही पोर्तुगीजांकडून घेतलेलाच आहे. अधिक चर्चा झाली आहे ती ‘मेसि’ या शब्दाची. त्याचे अंग ‘मेते–’ असून संस्कृत मधु, मराठी मध आणि हंगेरियन मेझ यांच्याशी त्याचा संबंध जोडतात. त्यातील ‘ए’ स्वरावरून, इंडो-इराणीत ‘ए’चा ‘अ’ होण्यापूर्वी हा शब्द उसना घेतला गेला असावा. तो थेट आद्य इंडो-युरोपियनमधून आला की आरंभीच्या इंडो-इराणीतून, याविषयी एकमत नाही. ‘मेहिलॅइनेन’ (मधमाशी) या शब्दातील ‘मेहि–’ हा अंश संस्कृत मक्षिकेच्या, म्हणजे मराठी माशीच्या, कुळातला मानला जातो. ही जोडी लक्षात घेता दुसरा पर्याय अधिक संभवनीय दिसतो. ‘मधमाशी’ या मराठी समासात दोन्ही शब्द शेजारी नांदत आहेत.

बोलीभाषेत विशेषणांची रूपे आखडतात, जसे ‘पुनाइनेन’चे ‘पुनानेन’. जेवणापूर्वी म्हणायचे ‘ह्युवॅऽ रुओकाहालुआ’ (चांगली भूक लागो) हेही अंशवाचक बंधच आहे. ‘मेसि’ आता फुलांतला मकरंद व काव्य यांपुरता उरला असून चहात घालायचा मध म्हणजे ‘हुनाया’, हाही जर्मानिक उसना शब्द. चमचाभर हवा असेल तर ‘लुसिकाल्लिनेन हुनायाऽ’.