क्रेडिट कार्डाचा फॉर्म भरायच्या आधी हे वाचून घ्या

नमस्कार,

इन्कम टॅक्सचं रिटर्न भरायला आपल्या सदाशिव पेठेतल्या ऑफिसात येणारे लोक उठता उठता एक प्रश्न हमखास विचारतात, की अमक्या बँकेचं कार्ड घेऊ का हो, मॉलमध्ये एक मुलगा फॉर्म भरून घेत होता, लाइफटाइम फ्री आहे म्हणत होता. जुलैमध्ये बाहेर बाकड्यावर रांग असते त्यामुळे प्रत्येकाशी नीट बोलणं होत नाही, आणि अर्धवट ऐकून लोक घरी जातात याचं आम्हाला वाईट वाटतं, म्हणून हे लिहून काढलंय. आधीच सांगतो, आपण कुठल्याही बँकेचे एजंट नाही, कुणाचं कार्ड घ्यायला लावलं म्हणून आम्हाला कमिशन मिळत नाही.

बँक काय बघते

वय, उत्पन्न, पॅन, पत्ता आणि तुमचा आधीचा कर्जाचा इतिहास, एवढ्यावरच सगळं ठरतं. मुख्य कार्डासाठी बऱ्याच बँका वय 21 पूर्ण असावं म्हणतात. पगारदाराला सॅलरी स्लिप आणि बँक स्टेटमेंट लागतं, धंदा किंवा प्रॅक्टिस असणाऱ्याला रिटर्न. इथे एक गोष्ट पुन्हा पुन्हा बघायला मिळते: टॅक्स वाचावा म्हणून उत्पन्न कमी दाखवायचं आणि मग बँकेने 30 हजारांचंच लिमिट दिलं म्हणून नाराज व्हायचं. बँकेला दुकानात किती गर्दी असते ते दिसत नाही, रिटर्नवरचा आकडा दिसतो.

पगारदारांमध्येही फरक असतो. बऱ्याच बँकांकडे कंपन्यांच्या याद्या असतात, हिंजवडीतल्या मोठ्या आयटी कंपनीत असाल तर अर्ज पटकन पुढे जातो आणि तेवढाच पगार भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपमध्ये मिळत असेल तर कागद जास्त मागतात. हे बरोबर आहे असं आम्ही म्हणत नाही, पण माहीत असलेलं बरं. तुमचा पगार ज्या बँकेत जमा होतो तिथेच पहिलं कार्ड मागा, त्यांना तुमची आवक-जावक आधीच दिसत असते.

पत्त्याचा घोळ पुण्यात फार. आधारवर लातूरचा नाहीतर सांगलीचा पत्ता, राहायला वाकडला भाड्याने, अकरा महिन्यांचा करार संपून दुसरा झालेला, आणि फॉर्मवर जुन्याच फ्लॅटचा पत्ता. व्हेरिफिकेशनला माणूस येतो, वॉचमन सांगतो हे इथे राहत नाहीत, झालं, अर्ज रिजेक्ट. सध्याचा नोंदणी केलेला भाडेकरार जोडा आणि फोनवर अनोळखी नंबर आला तरी त्या आठवड्यात उचला. मात्र त्या फोनवर ओटीपी, पिन असलं काही सांगायचं नाही, व्हेरिफिकेशनवाल्याला ते लागतच नाही.

स्कोअर, आणि एका वेळी एकच फॉर्म

सिबिल स्कोअर, म्हणजे तुम्ही कर्ज कसं फेडता त्यावरून दिलेला आकडा, 300 ते 900 मध्ये असतो आणि साधारण 750 च्या वर असेल तर काम सोपं होतं. पण सिबिल ही एकटीच कंपनी नाही, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्कही आहेत, आणि 2017 पासून या चारही ठिकाणांहून वर्षातून एकदा तुमचा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. तो काढा. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितला की स्कोअर कमी होतो हा समज चुकीचा आहे. स्कोअरला धक्का लागतो तो बँकेने तुमच्या अर्जावरून चौकशी केली की, आणि इथेच लोक फसतात.

आपल्याकडचेच एक ग्राहक, नाव सांगत नाही, मुलीच्या लग्नाच्या खरेदीसाठी त्यांना कार्ड हवं होतं, त्यांनी एका आठवड्यात सहा ठिकाणी अर्ज केले, कुणीतरी देईलच म्हणून. सहा चौकशा रिपोर्टवर आल्या, बघणाऱ्याला वाटतं या माणसाला पैशाची फारच निकड आहे, आणि सहाही ठिकाणी नकार. आमच्याकडे आले तेव्हा रिपोर्ट काढला तर त्यात मूळ कारण वेगळंच निघालं: जुनं टू-व्हीलर लोन, पूर्ण फिटलेलं, पण रिपोर्टवर अजून चालू दिसत होतं. आधी रिपोर्ट बघितला असता तर एका अर्जात काम झालं असतं. अशी चूक दिसली तर बँकेकडे आणि ब्युरोकडे, म्हणजे रिपोर्ट देणाऱ्या त्या कंपनीकडे, दुरुस्तीची तक्रार टाका, 30 दिवसांत सोडवली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई द्यावी लागते असा रिझर्व्ह बँकेचा नियम 2024 च्या एप्रिलपासून लागू आहे.

बँकेने अर्ज नाकारला तर मुख्य कारण लेखी कळवणं तिच्यावर बंधनकारक आहे. हे मागा. "इंटर्नल पॉलिसी" एवढं तोंडी ऐकून गप्प बसू नका, कारण कळल्याशिवाय काय सुधारायचं ते कसं कळणार. आणि नकारानंतर लगेच दुसरीकडे पळू नका, निदान तीन ते सहा महिने थांबा.

ज्यांनी आयुष्यात कधी कर्जच घेतलं नाही त्यांचा स्कोअरच नसतो, आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी निवृत्त शिक्षकांचं असंच आहे, आणि नुकती नोकरी लागलेल्या मुलांचंही. त्यांच्यासाठी एफडीवर मिळणारं कार्ड चांगलं. एफडी बँकेकडे तारण राहते, व्याज चालू राहतं आणि रकमेच्या साधारण 75 ते 90 टक्के लिमिट मिळतं. वर्षभर बिल वेळेवर भरलं की इतिहास तयार होतो.

कार्ड मिळाल्यावर लिमिटच्या 30 टक्क्यांच्या आत खर्च ठेवला तर स्कोअर चांगला राहतो. 2025 पासून बँका किमान दर पंधरा दिवसांनी ब्युरोला माहिती पाठवतात, त्यामुळे चांगलं वाईट दोन्ही आता लवकर दिसतं.

लाइफटाइम फ्री म्हणजे काय ते लेखी बघा

माझ्या वडिलांनी एका बँकेचं कार्ड लाइफटाइम फ्री म्हणून घेतलं होतं, तेराव्या महिन्यात वार्षिक फी लागून आली. फॉर्मवर "पहिल्या वर्षी फी नाही" असंच होतं, सांगणाऱ्याने तोंडी काहीतरी वेगळं सांगितलं होतं. तेव्हापासून मी घरी आणि ऑफिसात सगळ्यांना एकच सांगतो, अर्जासोबत एका पानाचं मुख्य माहितीचं पत्रक देणं बँकेला रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांनी बंधनकारक केलंय, त्यात व्याजाचा दर, फी, चार्जेस सगळं असतं, ते हातात घेतल्याशिवाय सही नाही.

त्याच नियमांत आणखी काही कामाच्या गोष्टी आहेत. न मागता कार्ड पाठवता येत नाही, पाठवून बिल लावलं तर ते मागे घ्यावं लागतं आणि वर त्या रकमेच्या दुप्पट दंड. कार्ड मिळाल्यावर 30 दिवसांत चालू केलं नाही तर बँकेने ओटीपीने तुमची संमती घ्यायला हवी, दिली नाहीत तर कार्ड फुकट बंद करायला हवं. तुम्हाला न विचारता लिमिट वाढवता येत नाही. बँकेच्या माणसाने फोन करायची वेळ सकाळी 10 ते संध्याकाळी 7.

बिलाचं गणित, यावर जरा थांबा

समजा स्टेटमेंट 18 तारखेला निघतं आणि भरायची तारीख पुढच्या महिन्याच्या 7 च्या आसपास. 19 तारखेला केलेल्या खरेदीला जवळपास 50 दिवस बिनव्याजी मिळतात, 17 ला केलेल्या खरेदीला 20-21 दिवसच. ही तारीख पगाराच्या तारखेशी जुळत नसेल तर बदलून मागता येते.

पण हे बिनव्याजी दिवस पूर्ण बिल भरणाऱ्यालाच. 40 हजारांचं बिल आलं आणि तुम्ही मिनिमम ड्यू, म्हणजे कमीत कमी भरायची रक्कम, म्हणून 2 हजार भरलेत, तर बाकी 38 हजारांवर महिना 3.6 टक्के धरले तरी 1,368 रुपये व्याज, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 246, म्हणजे 1,614 रुपये एका महिन्यात. आणि व्याज ड्यू डेटपासून नाही, खरेदीच्या दिवसापासून मोजतात, म्हणजे प्रत्यक्षात याहून जास्तच, शिवाय पुढच्या महिन्यात केलेल्या नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. आता उलट बाजूने बघा, त्याच 40 हजारांवर 1 टक्का रिवॉर्ड धरला तर हातात आले 400 रुपये. चार महिन्यांचे पॉइंट एका महिन्याच्या व्याजात गेले. मिनिमम भरला तर लेट फी लागत नाही एवढंच, व्याज थांबत नाही, हे कितीदा सांगितलं तरी कमीच.

हा दर वर्षाला 40 टक्क्यांच्या वर जातो. ग्राहक आयोगाने 2008 मध्ये 30 टक्क्यांची मर्यादा घातली होती, ती सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2024 मध्ये रद्द केली, तेव्हा कायदा आपल्याला वाचवेल या भरवशावर राहू नका. कार्डाने एटीएममधून कॅश काढणं तर नकोच, फी वेगळी आणि व्याज पहिल्या दिवसापासून.

नो-कॉस्ट ईएमआय घेताना व्याज डिस्काउंट म्हणून वळतं करून देतात पण व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याकडूनच जाते, दुकानात आकडा विचारून घ्या.

सवलती: तुमच्या उपयोगाची कुठली

विमानतळावरच्या लाउंजचं आकर्षण सगळ्यांना. लोहगावला नवं टर्मिनल झालंय, सकाळच्या फ्लाइटआधी चहा-नाश्ता मिळतो, छान आहे. पण बऱ्याच बँकांनी आता अट घातलीये की आधीच्या तिमाहीत ठराविक खर्च झाला असेल तरच लाउंज, आणि ती रक्कम मधेच बदलतात. वर्षातून एकदा विमानाने जाणार आणि एरवी मुंबईला डेक्कन क्वीनने नाहीतर शिवनेरीने, अशा माणसाने लाउंजसाठी 2,500 रुपये फी अधिक 450 जीएसटीचं कार्ड का घ्यावं? फी माफ होण्यासाठी वर्षाला 3 लाखांची अट असेल तर महिना 25 हजार होतात, तुमचा नेहमीचा खर्च तेवढा असेल तर ठीक, माफीसाठी खर्च वाढवायचा असेल तर नको.

पॉइंटचं मूल्य काढायला शिका. 150 रुपयांना 4 पॉइंट ऐकायला भारी वाटतं, एक पॉइंट 25 पैशांचा असेल तर 150 ला 1 रुपया झाला, पाऊण टक्काही नाही. पेट्रोल, विमा, वीजबिल, घरभाडं, वॉलेटमध्ये पैसे टाकणं यांवर बऱ्याच कार्डांवर पॉइंट कमी किंवा शून्य असतात, आणि आपला मोठा खर्च नेमका तोच असतो.

रुपे क्रेडिट कार्ड 2022 पासून यूपीआयला जोडता येतं, त्यामुळे तुळशीबागेतल्या दुकानात क्यूआर स्कॅन करूनही कार्डावर खर्च करता येतो. हे आम्हाला मनापासून आवडलेलं आहे. फक्त दुकानदाराचा क्यूआर व्यापारी खात्याचा हवा, त्याच्या वैयक्तिक नंबरवर किंवा मित्राला पैसे पाठवायला हे चालत नाही. परदेशात वापरणार असाल तर चलन बदलाचं मार्कअप बघा, बऱ्याच कार्डांवर 3.5 टक्के आणि वर जीएसटी.

सगळ्यात दुर्लक्षित सवलत म्हणजे अपघात विमा. अनेक कार्डांवर असतो, पण ठराविक दिवसांत कार्ड वापरलेलं असावं अशी अट असते आणि घरच्यांना त्याचा पत्ताच नसतो. नॉमिनी भरा आणि बायकोला, नवऱ्याला, मुलांना सांगून ठेवा.

इन्कम टॅक्सकडे काय जातं

वर्षात एका बँकेच्या कार्डांचं बिल 10 लाख किंवा जास्त भरलं, किंवा रोख 1 लाख किंवा जास्त भरलं, तर ती माहिती डिपार्टमेंटकडे जाते आणि तुमच्या एआयएसमध्ये, म्हणजे डिपार्टमेंटच्या वार्षिक माहितीपत्रकात, दिसते. पॉइंटसाठी सगळ्या ग्रुपच्या युरोप टूरचे पैसे एकाच्या कार्डावर टाकतात, मग रिटर्नला उत्पन्न 7 लाख आणि कार्ड 14 लाख. चुकीचं काही नसेल तरी उत्तर द्यावं लागतं, तेव्हा मित्रांनी परत दिलेले पैसे बँकेतूनच घ्या आणि हिशोब जपून ठेवा.

बंद करायचं असेल, किंवा तक्रार

सगळं बिल भरून लेखी अर्ज दिला की 7 कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद व्हायला हवं, उशीर केला तर दिवसाला 500 रुपये तुम्हाला मिळायला हवेत. कार्ड कापून कचऱ्यात टाकलं म्हणजे बंद होत नाही, फी चालूच राहते. सगळ्यात जुनं कार्ड फुकटचं असेल तर शक्यतो ठेवा, इतिहास लांब दिसतो.

न केलेला व्यवहार दिसला तर आधी कार्ड ब्लॉक, मग बँकेला कळवा आणि फसवणूक असेल तर 1930 वर फोन. बँकेची चूक नसली, तुमचीही नसली आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर नुकसान तुमच्यावर येत नाही, म्हणून एसएमएस वाचत जा. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, चौकशीचा नंबर 14448, तक्रारीला पैसे लागत नाहीत.

कार्डाबद्दल बोलायला ऑफिसात येणार असाल तर शक्यतो ऑगस्टनंतर या, आणि येताना क्रेडिट रिपोर्टची प्रिंट, मागच्या तीन महिन्यांची बँक स्टेटमेंट आणि बँकेने दिलेलं ते एका पानाचं पत्रक घेऊन या. फॉर्म भरलेला नसेल तर उत्तमच.