खिडकीच्या कट्ट्यावर राहिलेली प्लेट

कोल्हापुरात एमएस्सी करताना एका प्रॅक्टिकलने मला चांगलंच कोड्यात टाकलं होतं. ई. कोलाय जिवाणू पसरलेल्या दोन प्लेट्स अतिनील दिव्याखाली वीस-वीस सेकंद ठेवल्या. झाकणं काढूनच, कारण 254 नॅनोमीटरचे हे किरण साध्या काचेतून किंवा प्लॅस्टिकच्या झाकणातून पार जात नाहीत. माझी प्लेट लगेच इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवायच्या उबदार, अंधाऱ्या पेटीत गेली. मैत्रिणीची मात्र आम्ही चहाला गेलो तेवढा वेळ खिडकीच्या कट्ट्यावर राहिली. बाहेर श्रावणातला उजेड होता. दुसऱ्या दिवशी माझ्या प्लेटवर बोटांवर मोजण्याइतक्या वसाहती (एकेका जिवाणूपासून वाढलेले ठिपके) आणि तिच्या प्लेटवर मोजता मोजता डोळे दुखावेत इतक्या! सगळ्यांना वाटलं, वेळ मोजण्यात चूक झाली.

चूक वेळेची नव्हती. अतिनील किरण जिवाणूला जाळत नाहीत. ते त्याच्या डीएनएत शिरतात आणि शेजारशेजारचे दोन थायमिन (डीएनएच्या साखळीतले घटक) एकमेकांना चिकटवून टाकतात. अशा गाठी पडल्या की डीएनएची नक्कल अडते, जिवाणू दुभंगत नाही, वसाहत उगवत नाही. म्हणजे प्रयोगात ज्याला आपण ‘मेलेला’ म्हणतो, तो बऱ्याचदा नुसता अडकून पडलेला असतो. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

कारण गाठ सुटू शकते. ई. कोलायकडे फोटोलायेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते अंधारातही गाठीला जाऊन धरतं, पण ती सोडवायला लागणारी ऊर्जा त्याला जांभळ्या-निळ्या प्रकाशातून मिळते. हा प्रकाश खिडकीच्या काचेतून आरामात आत येतो.

अमेरिकेत जीवशास्त्रज्ञ अल्बर्ट केलनर यांनाही असाच चकवा बसला होता. किरणांचा मारा केलेले सूक्ष्मजीव कधी जगत, कधी मरत. त्यांचा संशय आधी तापमानावर होता, पण खरं कारण निघालं उजेड. 1949 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. माणसाकडे हे विकर नाही, आपल्या पेशी तो खराब तुकडाच कापून नवा भरतात. उन्हाने बिघडलेल्या त्वचेला तेवढाच आधार.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोन्ही प्लेट्स दिव्याखालून काढल्या आणि तिथेच काळ्या कागदात गुंडाळून कट्ट्यावर ठेवल्या. या खेपेला दोन्हींवर मोजक्याच वसाहती आल्या.