ताप आणणारी लस वेगळी, जिवंत लस वेगळी

मोठा आजार असलेल्या लेकराचं लसीकरण कार्ड उघडलं की बहुतेक वेळा एकच चित्र दिसतं. थेंबांच्या रकान्यांत तारखा, सुयांचे रकाने कोरे. विचारलं की आजी सांगते, "सिस्टर, लेकरू आधीच नाजूक हाय, त्याला सुई झेपायची न्हाई. थेंब तेवढे पाजा." आई गप्प उभी, बाप मोटारसायकलवर बसूनच "राहू द्या की" म्हणतो, आणि आमच्यातल्याही काही जणी नसती कटकट नको म्हणून थेंब पाजून मोकळ्या होतात. मला वैताग आहे तो याचाच. हृदयाला छिद्र असलेल्या लेकराची सुई चुकवायचं काही कारण नसतं. आणि रक्ताच्या कॅन्सरची केमो चालू असलेल्या लेकराला अपाय झाला तर तो बिनघोर पाजलेल्या त्या थेंबांनीच होऊ शकतो. म्हणजे दोन्हीकडे उफराटाच कारभार.

घोळाचं मूळ एकच. लस जड की हलकी, हे लोक रात्रीच्या तापावरून ठरवतात.

ताप आणणारी लस कुणाला सांगायला नको. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना डाव्या मांडीत पेंटा, म्हणजे पाच रोगांवरची एकच सुई, देतात. संध्याकाळी मांडीला गाठ, रात्री अंग गरम, घरदार जागं, मग पॅरासिटामॉल, आणि एक-दोन दिवसांत लेकरू पुन्हा खेळायला लागतं. हा ताप मुख्यतः त्यातल्या डांग्या खोकल्याच्या घटकामुळे येतो, कारण त्यात त्या रोगाचे मारलेले अख्खे जंतू असतात. मेलेला जंतू वाढत नाही, पसरत नाही, रोग देत नाही. शरीर त्याच्यावर तुटून पडतं, त्याचा तो ताप. अंगात ताकदच नसेल तर ही लस फार तर कमी लागू पडेल. तिच्यातून डांग्या खोकला किंवा धनुर्वात व्हायचा नाही.

जिवंत लशीचं तसं नाही. तिच्यातला जंतू कमजोर केलेला असतो, पण जिवंत असतो आणि अंगात गेल्यावर थोडा वाढतो. विरजणासारखं, चमचाभर घातलं तरी पुरतं. त्याची वाढ तुम्ही डोळ्यांनी पाहिलेली असते, फक्त तसा विचार केलेला नसतो. बीसीजीची, म्हणजे टीबीच्या लशीची, पुळी टोचल्या दिवशी नाही, दोन-तीन आठवड्यांनी उठते, पिकते, मग वण राहतो. एमआरचा, म्हणजे गोवर-रुबेलाच्या सुईचा, ताप आलाच तर आठवडाभरानंतर येतो, तोवर सगळे सुई विसरलेले असतात आणि ताप पावसावर किंवा आइसक्रीमवर ढकलतात. पोलिओच्या थेंबांतला विषाणू आतड्यात वाढतो आणि काही आठवडे शौचातून बाहेर पडत राहतो. निरोगी लेकराचं शरीर ही वाढ वेळीच थांबवतं. ज्याला ती थांबवता येत नाही, त्याच्याच बाबतीत प्रश्न उभा राहतो.

आपल्या सरकारी यादीतल्या मुख्य जिवंत लशी म्हणजे बीसीजी, पोलिओचे थेंब, रोटा (जुलाबावरचे थेंब) आणि एमआर. बाहेर खासगीत मिळणाऱ्यांत एमएमआर, कांजिण्यांची आणि नाकात फवारायची फ्लूची. पेंटा, न्यूमोनियाची पीसीव्ही, ट्रिपल (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात), टीडी (धनुर्वात-घटसर्पाची), पोलिओची सुई, दंडात किंवा मांडीत घ्यायची फ्लूची, कुत्रं चावल्यावरची, या सगळ्या मृत. काविळीची हिपॅटायटिस ए मात्र दोन्ही प्रकारांत मिळते, तेव्हा बाटलीवरचं नाव विचारायचं. आता हीच यादी थेंब आणि सुई अशी लावून पाहा. थेंबांच्या दोन्ही लशी जिवंत, पण सुयांतल्या सगळ्या मृत नाहीत. बीसीजी आणि एमआर सुयाच आहेत. तेव्हा "सुई नको, थेंब चालतील" हा नियम कुठल्याच बाजूनं टिकत नाही. (व्हिटॅमिन ए चं सिरप ही लसच नव्हे. तेही "लेकरू आजारी" म्हणून चुकवणारे भेटतात.)

एवढं कळलं की लोक दुसऱ्या खड्ड्यात पडतात. मोठा आजार म्हणजे प्रतिकारशक्ती गेलेली, असं धरून चालतात. ही गाठ सोडवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो, आणि शिकलेल्या घरांत तर जरा जास्तच.

आजार किती मोठा, हॉस्पिटल किती लांबचं, बिल किती आलं, याचा जिवंत लशीशी संबंध नाही. संबंध फक्त एका गोष्टीशी आहे: संसर्गाशी लढणारी यंत्रणा शाबूत आहे का. हृदयाला छिद्र, सेरेब्रल पाल्सी, डाउन सिंड्रोम, जन्मतः थायरॉइड कमी, दमा, मधुमेह, कुपोषण, यांत एरवी ती शाबूत असते किंवा लशीपुरती नक्कीच पुरते. या लेकरांना जिवंत आणि मृत दोन्ही लशी वेळेवर द्यायच्या. उलट यांनाच त्या जास्त लागतात. छिद्र असलेल्या लेकराला न्यूमोनिया झाला तर त्याचं हृदय तो ताण सोसत नाही, आणि कुपोषित लेकराला गोवर निघाला तर काय होतं ते आपल्या भागात जुन्या बायकांना विचारा. अशा लेकराची लस "जरा वजन वाढू द्या" म्हणत थांबवणं हा माझ्या मते शुद्ध वेडेपणा आहे.

आता ज्यांची यंत्रणा खरंच खाली असते ते पाहू. केमो चालू असलेलं लेकरू, किडनी किंवा बोन मॅरो बदललेलं, जन्मतःच प्रतिकारशक्तीचा दोष असलेलं, एचआयव्हीत रोगाशी लढणाऱ्या पेशी फार घटलेलं. आणि मोठ्या मात्रेत स्टेरॉइड चालू असलेलं. या शेवटच्या गटात सगळ्यात जास्त गोंधळ, कारण अशी लेकरं गावागावांत आहेत. नेफ्रोटिक हा किडनीचा आजार, म्हणजे सकाळी डोळे सुजलेले, लघवीला फेस, पोट फुगलेलं. त्यांना प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या आठवडेच्या आठवडे चालतात.

इथे मोजमाप ठरलेलं आहे. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला २ मिलिग्रॅम, किंवा एकूण २० मिलिग्रॅम वा जास्त, सलग १४ दिवस किंवा त्याहून अधिक, इतका डोस झाला की जिवंत लस थांबवायची आणि तो बंद झाल्यावर किमान ४ आठवडे जाऊ द्यायचे. दहा किलोच्या लेकराला रोज २० मिलिग्रॅम म्हणजे नेमकी ती रेघ. पण स्टेरॉइड हा शब्द ऐकला की सगळं बंद, असं नाही. दम्याचा पंप, खाजेवरचं मलम, डोळ्यांतले थेंब, दोन-चार दिवसांचा गोळ्यांचा कोर्स, यांनी काही अडत नाही. पंप घेणाऱ्या मुलाचा दीड वर्षाचा एमआर "स्टेरॉइड चालू" असा शेरा मारून रोखलेला मी पाहिलेला आहे. शेरा मारणाऱ्यानं मात्रा विचारलेलीच नव्हती.

आणि नेफ्रोटिकच्या त्याच लेकराला, गोळ्या ऐन भरात असताना, पाच वर्षांचा ट्रिपलचा बूस्टर देता येतो. सूज उतरलेली असावी, डॉक्टरांचा होकार असावा, बस्स. मृत लस आहे. तिला स्टेरॉइडची आडकाठी नाही. फार तर थोडी कमी लागू पडेल. न्यूमोनियाची आणि फ्लूची लस तर या लेकरांना मुद्दाम द्यायला सांगतात, कारण नेफ्रोटिकमध्ये न्यूमोकॉकस जंतूचा पोटाच्या पाण्यात होणारा संसर्ग जिवावर बेततो. घरचे नेमक्या याच सुया नको म्हणतात, का तर ताप येईल.

केमोचंही साधारण असंच. जिवंत लस केमो संपून किमान तीन महिने झाल्यावर, कधी त्याहून उशिरा, कॅन्सरचे डॉक्टर सांगतील तेव्हा. मृत लशी उपचाराच्या ऐन जोरात बऱ्याचदा पुढे ढकलतात, पण तेव्हाचं कारण धोका हे नसतं; शरीर त्यांचा उपयोग करून घेऊ शकत नाही, म्हणून त्या वाया जातात.

धोका आणि वाया जाणं यांतला फरक आणखी एका ठिकाणी लागतो. लेकराला रक्त चढवलं असेल तर गोवराची लस सहा महिने थांबवतात, प्लाझ्मा किंवा प्लेटलेट दिल्या असतील तर सात. हृदयाच्या ऑपरेशनात बहुतेकांना काही ना काही चढतंच. इथे लेकराला काही होईल म्हणून थांबत नाहीत. रक्तदात्याच्या रक्तातली प्रतिद्रव्यं लशीतला विषाणू आधीच निकामी करतात आणि सुई फुकट जाते. हा नियम गोवर आणि कांजिण्यांच्या लशीपुरता आहे. पोलिओ, बीसीजी, पेंटा यांना तो लागू नाही. थॅलेसेमियाच्या लेकराला तर दर महिन्याला रक्त लागतं, त्याला सहा महिन्यांची फट मिळणार कधी? तिथे डॉक्टरांना विचारून गोवराची लस देऊन टाकलेली बरी, नुकसान काहीच नाही. त्याच लेकराची पुढे प्लीहा काढायची ठरली तर न्यूमोनिया आणि मेंदूज्वराच्या लशी ऑपरेशनच्या किमान दोन आठवडे आधी हव्यात. हे ऑपरेशनची तारीख लागण्याआधी विचारा, भरती झाल्यावर नाही.

ताप आणणाऱ्या लशीबद्दल खरोखर थांबून विचार करावा अशी एक जागा आहे, तीही सांगते. झटके. तापात एखादवेळी झटका येऊन गेलेल्या लेकराला लस द्यायचीच, तापाचं औषध हाताशी ठेवायचं. औषधानं झटके आटोक्यात असलेल्यालाही द्यायची. पण झटके अजून आवरत नाहीत, मेंदूचा आजार दिवसेंदिवस वाढतोय, अशा वेळी डांग्या खोकल्याचा घटक असलेली लस आजार स्थिरावेपर्यंत थांबवतात, किंवा डॉक्टर कमी तापाची ॲसेल्युलर, म्हणजे अख्ख्या जंतूऐवजी त्याचे तुकडे असलेली, लस सुचवतात. त्या लेकराच्या बाकीच्या लशी चालू राहतात.

बीसीजीचं एक वेगळं आहे. ती जन्मल्या जन्मल्या देतात, तेव्हा लेकरात दोष आहे की नाही हे कुणालाच ठाऊक नसतं. आपल्याकडे मामाच्या मुलीशी, आत्याच्या मुलाशी लग्नं होतात आणि प्रतिकारशक्तीचे काही जन्मजात दोष अशा घरांत जास्त दिसतात. आधीचं बाळ तान्हेपणीच सारख्या जंतुसंसर्गानं गेलं असेल, तर ते बाळंतपणाच्या वेळी डॉक्टरांना बीसीजी टोचण्याआधी सांगायचं. सासूसमोर हा विषय निघत नाही हे मला माहीत आहे. तरी सांगायचं.

आता घरातल्या बाकीच्यांचं. केमो किंवा मोठं स्टेरॉइड चालू असलेल्या लेकराच्या भावंडांना एमआर, कांजिण्यांची आणि फ्लूची सुई नक्की द्या. त्यांच्यामुळेच घरात रोग शिरायचा थांबतो. अडचण एकाच लशीची, पोलिओच्या थेंबांची. भावाला पाजलेला विषाणू शौचातून बाहेर पडतो आणि ढुंगण धुणाऱ्या हातानं आजारी लेकरापर्यंत पोचू शकतो. म्हणून अशा घरातल्या भावंडांनाही पोलिओ सुईनं द्यावा असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. पल्स पोलिओच्या वेळी पथक दाराशी येतं, डाव्या करंगळीवर शाई शोधतं, नसली की बाटली काढतं आणि दारावर खडूनं खूण करून पुढच्या घरी जातं. त्या दोन मिनिटांत आजीकडून केमोची गोष्ट नीट सांगून होत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी कार्डाला टाचून ठेवा आणि आशाताईंना आधीच सांगून ठेवा. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी तर कार्ड आणि चिठ्ठी दोन्ही बिऱ्हाडातच बांधायची. कारखान्याच्या तळावर येणारं पथक तुम्हाला ओळखत नसतं.

चिठ्ठीवरून आठवलं. "लस देऊ नये." एवढं एकच वाक्य, खाली सही. असल्या चिठ्ठीची मला चीड आहे. कोणती लस? कशामुळे? कुठवर? लेकरू पाच वर्षांचं होतं, आजार केव्हाच बरा झालेला असतो, आणि ती जीर्ण चिठ्ठी अजून कार्डातच. तेव्हा शहरातल्या तज्ज्ञांकडे गेलात की तिथेच बसून लिहून मागा: कोणत्या लशी आता चालतील, कोणत्या नाहीत, आणि नाहीत त्या कधी सुरू करायच्या. कोणतं औषध किती मात्रेत चालू आहे तेही लिहून घ्या. लेकराच्या बाबतीतला शेवटचा शब्द त्यांचाच. उपकेंद्रात बसून मी तो देऊ शकत नाही, आणि मेडिकलवाल्या भाऊंनी तर मुळीच देऊ नये.

आणि जिवंत लस थांबवलेल्या लेकराच्या आसपास गोवर निघाला, शाळेत, भावकीत, शेजारी, तर अंगावर पुरळ उठायची वाट पाहत बसू नका. संपर्क आल्यापासून सहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिद्रव्यांचं औषध, देता येतं, म्हणून त्याच दिवशी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन लावा. कांजिण्यांचा संपर्क झाला तरी तसंच करायचं. अशा लेकरांत गोवर थेट छातीत उतरू शकतो आणि पुरळ उठतच नाही, असंही होतं.